अंड्याच्या रंगावरून जात ठरत नाही

कोणीतरी लिहिलंय की तपकिरी अंडं म्हणजे कोंबडी गावठी. तसं नसतं हो, ऱ्होड आयलंड रेड ही जात पण तपकिरीच अंडी घालते आणि ती मूळची अमेरिकेची. पुस्तकात कोंबड्यांच्या जातींच्या ज्या अमेरिकन, एशियाटिक, इंग्लिश, मेडिटेरेनियन अशा क्लासेस (गट) असतात त्या मूळ कुठलं यावरून पाडलेल्या आहेत, त्यातली लेगहॉर्न ही जात मेडिटेरेनियन, कानाची पाळी पांढरी आणि अंडंही पांढरं. पाळीवरून अंड्याचा अंदाज बऱ्याचदा बरोबर येतो, पण डॉर्किंग जातीची पाळी लाल असून अंडी पांढरट, म्हणजे तिथेही घोळ आहेच. गंमत म्हणजे कॉर्निश ही जात इंग्लिश क्लासमध्ये बसते पण तिच्यात रक्त आपल्या असील या देशी जातीचं आहे!

आमच्याकडे दापोलीला आईची वर्गवारी वेगळीच, कोंबडी रवणीला (अंडी उबवायला) बसते का नाही एवढंच ती बघते. दोन वर्षांमागे आठवडा बाजारातून एकाने गावठी म्हणून सहा तलंगा (तरुण कोंबड्या) गळ्यात मारल्या, रंगीबेरंगी पिसं, दिसायला अगदी झकास, अंडी पण भरपूर, पण एकही खुडूक होईना, म्हणजे अंडी उबवायला बसेना. आईने डालग्यात (टोपलीत) भाताण (भाताचा पेंढा) घालून बारा अंड्यांवर एकीला बसवली तर ती पाच मिनिटात उठून परसात माती उकरायला, शेवटी शेजारच्या काकूंची म्हातारी काळी कोंबडी उसनी आणली तेव्हा कुठे नऊ पिल्लं निघाली. वनराजा, गिरिराज असल्या सुधारित जातींमधून खुडूकपणा बराचसा गेलेला असतो, कारण खुडूक कोंबडी अंडी घालायची थांबते. त्यामुळे गावठी म्हणून घेताना रंग बघू नका, तिची आई पिल्लं काढते का ते विचारा.