पहाऱ्याची वीणा
संघटना आली की अध्यात्म संपलं, असं काही जण म्हणतात. हे मत मला अर्धंच पटतं. आपल्या मराठवाड्यातला गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह बघा. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. त्यासाठी पहाऱ्याची, म्हणजे कोणी कधी वीणा घेऊन नाम घेत उभं राहायचं याची, यादी लागते, बहुधा दोन-दोन तासांच्या पाळ्या. पुढचा येतो, पाया पडतो, वीणा गळ्यात घेतो, मगच आधीचा सुटतो. रात्री कीर्तन, जागर उरकला की पहाटेच्या काकड्यापर्यंत मंडपात वीणेकरी एकटाच नाम घेत उभा. हा एकांत त्याला यादीनेच दिलेला असतो!

बिघडतं ते वेगळ्याच जागी. वर्गणी महाराजांच्या मानधनावर आणि मंडपावर जाते, पंगतीला गाव लोटतं, पण रात्रीच्या पहाऱ्याला नावंच मिळत नाहीत. मग दोघं-तिघं म्हातारेच आळीपाळीने उभे राहतात. सप्ताहाच्या बैठकीत वर्गणीआधी रात्रीचे पहारे भरून घ्यावेत, तेही तरुणांच्या नावाने.