मदत हवी आहे: आजोबांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो शार्प येत नाहीये (शुक्रवारच्या आत!)

सांजसावली
मंडळी, पटकन मदत हवी आहे. रविवारी आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. त्यांचं एक मोठं ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट फ्रेम करून हॉलमध्ये लावायचंय, १२ बाय १८ इंच. लॅबवाल्याला शुक्रवारी सकाळी फाइल द्यायची आहे. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर फोटो झकास दिसतात, लॅपटॉपवर मोठे केले की चेहरा पुसट. शिवाय सगळंच सपाट वाटतं. कॅमेरा नवा आहे, लेन्सही चांगली आहे. काय चुकतंय? 'सराव करा' सांगू नका प्लीज, वेळ नाहीये.

चष्मेबहाद्दर
कॅमेरा कुठला, लेन्स कुठली, शटर-अ‍ॅपर्चर-आयएसओ (म्हणजे प्रकाश आत येण्याची वेळ, लेन्सच्या छिद्राचा आकार आणि सेन्सरची संवेदनशीलता) किती? 'लेन्स चांगली आहे' यावरून निदान करायला इथे कोणी ज्योतिषी नाही.

रोलवाले काका
ताई, आमच्या वेळी ट्राय-एक्स या ब्लॅक अँड व्हाइट फिल्मचा ३६ फोटोंचा रोल असायचा. दर फोटोला विचार करावा लागायचा. डी-७६ या रसायनात डेव्हलप करून तारेवर वाळत घातलेली निगेटिव्ह बघण्यातली मजा आता गेली. तुम्ही लोक खटाखट शंभर काढता आणि मग 'शार्प नाही' म्हणता.

सांजसावली
कॅनन १५०० डी, ५० एमएम एफ १.८. एव्ही मोड (छिद्र मी ठरवते, वेळ कॅमेरा), अ‍ॅपर्चर १.८, आयएसओ १००. शटर कॅमेरा घेतो ते, १/४०-१/५० सेकंद वगैरे. आयएसओ वाढवला की फोटो खराब होतो असं एका व्हिडिओत ऐकलं, म्हणून वाढवलेला नाही. काका, रोल आणायला वेळ नाहीये.

चष्मेबहाद्दर
मग पुसटच येणार. या सेन्सरवर ५० ची लेन्स ८० सारखं दृश्य देते, म्हणजे हाताचा कंप दिसू नये म्हणून निदान १/८० हवं. माणूस समोर असेल तर मी १/१६० पेक्षा हळू शटर ठेवतच नाही. आणि १.८ वर दीड मीटरवरून जेमतेम सहा सेंटीमीटर खोली शार्प मिळते. नाकावर फोकस बसला की डोळे गेले. फोकस पॉइंट कुठला ठेवलाय?

मोबाइलवीर
एवढं कशाला? फोनच्या पोर्ट्रेट मोडवर काढा आणि मोनो फिल्टर मारा. माझ्या मेव्हण्याच्या साखरपुड्याचे सगळे फोटो तसेच काढलेत, कोणाला कळलंही नाही.

चष्मेबहाद्दर
व्हॉट्सअ‍ॅपवर नाही कळत. १२ बाय १८ ला टोपीची कड आणि कानाजवळचे केस सॉफ्टवेअरने कसे कापलेत ते कळतं.

मोबाइलवीर
तुम्हाला टोपी कुठे दिसली? त्यांनी टोपीचं काही लिहिलेलंच नाही.

सांजसावली
टोपी आहे. पांढरी. फोकस पॉइंट नऊच्या नऊ चालू आहेत, ऑटो. पण मी शटर अर्धं दाबून टुकटुक वाजलं की मगच क्लिक करते, तरीही कधी डोळे येतात, कधी कान. एकाच जागी बसलेल्या माणसाचं असं कसं होतं? झोपाळा तसा हळूच हलतो, पण त्यांना पाय टेकवायला सांगितलंय.

गवतीचहा
थांबा, कुठला झोपाळा?

सांजसावली
ते झोपाळ्यावरच बसतात ना कायम. त्याचा काय संबंध?

गवतीचहा
अहो, तुमची शार्प पट्टी सहा सेंटीमीटरची आणि झोपाळा पुढेमागे चार-पाच बोटं तरी हलतोय! फोकस लागल्यापासून क्लिक होईपर्यंत आजोबा पट्टीच्या बाहेर. पाय टेकवूनही माणूस नकळत झोका घेतोच. झोपाळा हवाच असेल तर मागून कोणाला तरी कडी घट्ट धरायला सांगा. मधला एकच फोकस पॉइंट निवडा आणि तो कॅमेऱ्याजवळच्या डोळ्यावर ठेवा. चष्मा असेल तर बुबुळावर, काडीवर नको. वन शॉट (एकदा लागलेला फोकस तिथेच थांबतो), अ‍ॅपर्चर ४, शटर १/२००, आयएसओ १६०० किंवा २०००. ४ वर साधारण चौदा सेंटीमीटर मिळतात, म्हणजे डोळा-नाक-मिशी सगळं आत.

तिरकीनजर
१.८ ची लेन्स घेऊन ४ वर काढायचं? मग घेतली कशाला? ८५ एमएम घ्या, बॅकग्राउंड लोण्यासारखं होतं.

गवतीचहा
शुक्रवारपर्यंत ८५ एमएम? आणि ८५ वर १.८ लावलंत तर तेवढ्याच अंतरावरून खोली आणखी कमी होते. प्रश्न काय, उत्तर काय!

रोलवाले काका
फोटोग्राफर युसुफ कार्शने १९४१ साली चर्चिलच्या तोंडातली सिगार काढून घेतली आणि लगेच फोटो घेतला. त्या चेहऱ्यावरचा राग जगप्रसिद्ध झाला. आजोबांच्या हातातला पेपर काढून घ्या.

सांजसावली
पेपर काढून घेतला तर खरंच रागावतात :( सपाट दिसण्याचं कोणीच बोललं नाही. भिंत क्रीम आहे, धोतर-सदरा पांढरा.

गवतीचहा
मग झालं की. रंगीत फोटोत क्रीम आणि पांढरं वेगळं दिसतं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये दोन्ही जवळजवळ एकाच करड्यावर येतात. टोपी भिंतीत विरघळते. बैठकीतून आतल्या खोलीत जायचं दार असेल तर ते उघडं ठेवा, आतला दिवा बंद. त्या अंधारासमोर आजोबांना बसवा, खिडकी बाजूला, चेहरा किंचित खिडकीकडे. ट्यूबलाइट बंद. तिच्यामुळे दोन बाजूंनी प्रकाश येतो आणि सुरकुत्या सपाट होतात. मागे काळं असलं की कॅमेरा फोटो उगाच उजळवतो, टोपी जळते, म्हणजे नुसती पांढरीफटक दिसते. एक्स्पोजर उणे दोन-तृतीयांश करा.

आणि रॉ (सेन्सरची कच्ची, रंगांसकट फाइल) चालू ठेवा. कॅमेऱ्याच्या मोनोक्रोममध्ये नुसता जेपीजी घेतलात तर रंग कायमचे गेले. रॉमध्ये नंतर नारिंगी वरखाली करून चेहऱ्याचा उजेड वेगळा ठरवता येतो.

तिरकीनजर
झोपाळ्याच्या पितळी कड्या दोन्ही बाजूंना घेतल्या तर आपोआप चौकट मिळते. खुर्चीवर बसवलेले आजोबा म्हणजे पासपोर्ट फोटो.

चष्मेबहाद्दर
१२ बाय १८ मध्ये कड्या बघायच्या की चेहरा? छातीपर्यंत घ्या, डोळे वरच्या एक-तृतीयांशावर, डोक्यावर रिकामी भिंत नको. कड्या काढा बाहेर.

तिरकीनजर
तो माणूस चाळीस वर्षं त्या झोपाळ्यावर बसतोय, कड्या काढा म्हणे!

चष्मेबहाद्दर
चाळीस कुठून आलं? त्यांनी वर्षं सांगितलेलीच नाहीत.

पावसाळी
जरा अवांतर. माझ्या लेन्सवर आत बुरशीचे धागे दिसतायत. कोकणात राहतो. तांदळाच्या डब्यात ठेवली तर चालेल का?

रोलवाले काका
तांदूळ नको, पीठ जातं आत. हवाबंद डबा आणि सिलिका जेल. निळे खडे गुलाबी झाले की तापवून परत वापरायचे. आत गेलेली बुरशी मात्र साफ करणाऱ्याकडेच द्या.

सांजसावली
आत्ता काढले. दार उघडं, दिवे बंद, १/२००, ४, आयएसओ १६००. झोपाळा सोडायला तयार नव्हते, भावाने मागून कडी धरली. डोळ्याच्या पापण्या दिसतायत!! पण आता दाणेदार दिसतंय.

गवतीचहा
लॅपटॉपवर शंभर टक्के मोठं करून बघत असणार. तुमची फाइल ६००० बाय ४००० ची आहे, १२ बाय १८ ला इंचाला ३३३ पिक्सेल पडतात. भिंतीवर लावल्यावर दाणे दिसणार नाहीत. नॉइज रिडक्शन जास्त लावू नका, सुरकुत्या प्लास्टिकच्या होतील. आणि क्रॉप करू नका, प्रमाण बरोबर २:३ च आहे.

रोलवाले काका
दाणे असू द्यात. ट्राय-एक्सचे दाणे बघायचे होते तुम्ही.

तिरकीनजर
कड्या आल्यात का फोटोत?

सांजसावली
एक आलीये, भावाच्या दोन बोटांसकट. ती कशी काढायची, कोणी सांगेल का?