ड जीवनसत्त्व आणि उभ्याने मोजलेला रक्तदाब
ड जीवनसत्त्वाची पाकिटे कायम चालू ठेवली की हाडे मजबूत राहतात आणि पडण्याची भीती उरत नाही, हा उतारवयात पडणे कसे टाळावे या चर्चेत मांडला गेलेला मुद्दा मला अर्धाच पटतो. कमतरता असेल तर ती भरून काढायलाच हवी. मात्र अधिक मात्रेने अधिक संरक्षण मिळते, असे नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका चाचणीत सत्तरीपुढील स्त्रियांना वर्षातून एकदाच ५ लाख एककांची मात्रा दिली गेली, आणि त्याच गटात पडण्याचे व अस्थिभंगाचे प्रमाण जास्त आढळले. आपल्याकडे ६०,००० एककांची पाकिटे औषधाच्या दुकानातून परस्पर आणून महिनोन्महिने घेणारे पुष्कळ आहेत, म्हणून हे लिहिले.

चर्चेत अद्याप न आलेली गोष्ट रक्तदाबाची आहे. माझ्या सासूबाईंचा पहाटे लघवीला उठताना तोल जाऊ लागला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा रक्तदाब आधी आडवे झोपवून आणि मग उभे करून मोजला. वरचा आकडा १४० वरून ११० वर उतरला होता. उभे राहिल्यावर तीन मिनिटांत तो २० किंवा अधिक अंकांनी घसरत असेल, तर पडण्याचा धोका वाढतो, आणि नेहमीप्रमाणे खुर्चीत बसवून एकदाच मोजले तर हे ध्यानातही येत नाही. त्यांची रात्रीची गोळी डॉक्टरांनी बदलली आणि पलंगाच्या कडेला थोडा वेळ पाय सोडून बसल्यावरच उठायला सांगितले. प्रोस्टेटसाठी टॅम्सुलोसिन किंवा झोपेची गोळी घेणाऱ्यांनी, औषध स्वतःच्या मनाने बंद न करता, पुढच्या तपासणीत अशी मोजणी आवर्जून करून घ्यावी.