प्रतिसाद: थांबे वाढवून आंबा गाडीत चढेल का?

एका लेखात सुचवलंय की कोकण रेल्वेच्या नांदगाव, राजापूर स्थानकांत एक्सप्रेस थांबवा, आंबा पाठवता येऊन बागायतदारांचं भलं होईल. प्रवाशांचं होईल, आंब्याचं कठीण आहे. थांबा दोन मिनिटांचा. हमालाने दहा सेकंदाला एक पेटी चढवली, तरी बाराच पेट्या आत जातात, तेही सामानाच्या डब्याचं दार बरोबर समोर आलं तर! घाईत पेट्या आपटतात, फळ काळं पडतं. शिवाय कोकण रेल्वेवर रोहा-वीर (सुमारे ४७ किमी) सोडून पुढे एकेरी मार्ग. एक गाडी रखडली की समोरून येणारी क्रॉसिंगला, म्हणजे ती जाईपर्यंत स्थानकात, उभी.

त्यापेक्षा कणकवलीला सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) पार्सल व्हॅन, म्हणजे मालाचा वेगळा डबा, आधीच भरून, सील करून ठेवावी. गाडीला जोडताना शंटिंग (डबा पुढे-मागे हलवणं), ब्रेकची तपासणी यात वेळ जातोच, म्हणून ती सावकाश धावणाऱ्या सावंतवाडी-दिवा गाडीलाच लावावी. आणि फलाटावर सावली हवी, उन्हात पेट्या तापतात.