विषय: घरात पिस्तूल ठेवावं का?

नमस्कार मंडळी,
आमच्या गल्लीत महिनाभरात दोन घरफोड्या झाल्या. हे म्हणतात, एक पिस्तूल घेऊन टाकू. माझं मन घेत नाही. इथे अमेरिकेत, इलिनॉय राज्यात आपल्यापैकी कुणाकडे आहे का? मोकळेपणाने सांगाल?
– अरोराहून

---

ताई,
माझ्याकडे आहे. मंडळात आजवर कुणाला बोललो नव्हतो. निवडणुकीत मी बंदुकांवर कडक कायदे मागणाऱ्या उमेदवारांसाठी दारोदार फिरतो, त्यामुळे सांगायला जीभ रेटत नव्हती.

२०१७ साली कॅन्ससमध्ये ओलेथला श्रीनिवास कुचिभोतला या आपल्यासारख्याच इंजिनियरला एकाने देश सोडून जा म्हणत गोळ्या घातल्या. कामावरून सुटून मित्रासोबत बसला होता बिचारा. ती भीती माझ्या मनातून गेलीच नाही. २०२० मध्ये फॉइड कार्ड, म्हणजे बंदूक बाळगायला इलिनॉयमध्ये लागणारं ओळखपत्र, काढलं, ९ एमएमचं पिस्तूल घेतलं. रेंजवर जायला लागलो आणि कळलं, समोरचा आधीच बंदूक काढून उभा असेल तर कमरेला हात जाईपर्यंत सगळं संपलेलं असतं.

नेमबाजी मला आवडते, हे लपवत नाही. श्वास धरून हळूहळू चाप ओढताना डोक्यातलं बाकी सगळं थांबतं. पण दुकानातल्या गप्पा ऐकवत नाहीत. तिथे ‘ते लोक’ कधी येतील याचीच चर्चा, आणि त्या भीतीवरच पुढची बंदूक खपते. ‘ते लोक’ म्हणजे कधीकधी आपणच असतो.

गावी आजोबांकडे बाराबोरची बंदूक होती, पिकात रानडुकरं येत म्हणून. निवडणूक लागली की ठाण्यात जमा करायची. खंडेनवमीला विळा, कोयता, पहार यांच्या ओळीत तिलाही हळदकुंकू लागायचं. माझं पिस्तूल मी पूजेत मांडत नाही. ते मी माणसावर रोखायलाच घेतलं आहे, हे देवासमोर बसल्यावर विसरता येत नाही.

आणि चोरापेक्षा मोठी भीती घरातच असते, ताई. २०२२ मध्ये या देशात बंदुकीने ४८ हजारांवर माणसं गेली, त्यांतल्या २७ हजारांवर आत्महत्या. मागच्या हिवाळ्यात आमचा मुलगा फार गप्प झाला होता. पंधरा दिवस मी रात्री उठून तिजोरी पाहून यायचो. शेवटी तिचा आकडा बदलला, गोळ्या वेगळ्या कपाटात कुलपात ठेवल्या. आता चोर आलाच तर मी ते काढेपर्यंत तो पसार होईल. मला ते चालेल.
– नेपरविलहून

---

तुमच्या प्रामाणिकपणाबद्दल आदर आहे, पण पटलं नाही. हायलंड पार्कला ४ जुलै २०२२ च्या परेडवर गोळ्या झाडणाऱ्या पोराकडेही फॉइड कार्ड होतं. सात माणसं गेली. त्याच्या अर्जावर वडिलांनीच सही केली होती. कडक कायदे मागणारेच घरात पिस्तूल ठेवू लागले, तर मागायचे कुठल्या तोंडाने?
– शॉमबर्गहून, तुमच्या सगळ्यांचा काका

---

काका,
त्या सहीचा मीही खूप विचार केला आहे. तो पोरगा तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. काही महिन्यांपूर्वीच घरी धमक्या दिल्या म्हणून पोलिसांनी त्याच्याकडचे चाकू उचलून नेले होते. तरी सही झाली आणि कार्ड निघालं. म्हणूनच तर कायदा आणखी कडक हवा म्हणतो, आणि तो सगळ्यात आधी माझ्यावर लागू व्हावा. पण तुमच्या प्रश्नाला पुरतं उत्तर माझ्याकडे नाही. पिस्तूल विकायचं दोनदा ठरवलं. ओलेथ आठवलं की पाय मागे येतो.

ताई, आधी मागच्या दाराचं कुलूप आणि अंगणातला दिवा बघा. तरीही घेतलंत, तर तिजोरी त्याच दिवशी घ्या. आणि मुलं कुणाकडे झोपायला जाणार असतील तर त्या घरी बंदूक आहे का, ती कुलपात आहे का, हे विचाराच. आपल्या लोकांना ते विचारणं अवघड जातं, मलाही जायचं.

शनिवारी नाटकाच्या तालमीला बारा मुलं आमच्याकडे येणार आहेत. पालकांनी पाच मिनिटं आधी यावं. कुणी विचारलं नाही तरी तिजोरी कुठे आहे आणि कशी बंद होते, हे मी दाखवणार आहे.
– नेपरविलहून