मदत हवी आहे: महापालिकेच्या बंद शाळेतले बाक भंगारात जाण्याआधी कसे मिळवायचे?

रानवाट: तातडीचं आहे. शाळेतल्या बाकांचं निर्लेखन झालंय (म्हणजे निकामी ठरवून नोंदीतून काढले), पुढच्या आठवड्यात लिलाव. आम्हाला त्यातले फक्त वीस हवेत. भांडार विभागात तीनदा जाऊन आलो, 'लिलावात भाग घ्या' एवढंच सांगतात. फुकट नकोत, पैसे देतो म्हणतोय. कुणाला भेटू?

टपालपेटी: महापालिका की नगरपरिषद? दोन्हींचे कायदे वेगळे. आणि 'आम्ही' म्हणजे कोण? संस्था नोंदणीकृत आहे का?

रानवाट: महापालिका. पट घसरला म्हणून शाळा बंद झाली, मी तिथेच सातवीपर्यंत शिकलो. आम्ही चारजण वस्तीत अभ्यासिका चालवतो, नोंदणी नाही. ४० मुलं सतरंजीवर पाठ वाकवून लिहितात. बाक सागवानी आहेत, बिडाचे पाय, दौतीसाठी गोल खोबण. फळ्यांखालून हात फिरवून बघितलाय, वाळवी नाही. हे किलोवर जाणार या विचाराने झोप लागत नाही.

सह्यकडा: आयुक्तांना साधा अर्ज द्या. आमच्या वाचनालयाला कपाटं अशीच मिळाली, एक पैसा न देता.

कायदेपंडित: कोणत्या ठरावाने? महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९, कलम ७९ वाचा. चालू बाजारमूल्यापेक्षा कमी किमतीत काहीही देता येत नाही.

सह्यकडा: १९९८ सालची गोष्ट. ठराव मला माहीत नाही, कपाटं आजही वापरात आहेत.

माधवी_क: पंडितजी, बाजारमूल्याची ती अट स्थावर मालमत्तेला आहे: जमीन, इमारत, गाळे. बाक ही जंगम वस्तू. तिथे ठरावीक किमतीपर्यंत आयुक्तांना अधिकार, त्यापुढे स्थायी समितीची मंजुरी. अडलेल्या माणसाला अर्धं कलम सांगून घाबरवू नका.

कायदेपंडित: घाबरवत नाही. फुकट देण्याचा पायंडा पडला की उद्या नगरसेवकाचा मेहुणाही संस्था काढून बाक नेईल. लिलाव असतो तो याचसाठी.

गाळा_क्र_१२: गाळ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगतो, २०१९ च्या भाडेपट्टा नियमांपासून आम्ही गाळेधारक भाडेवाढीने पिचलोय. जळगाव महापालिकेच्या गाळ्यांचं भिजत घोंगडं सगळ्यांना माहीत आहे. यावर कुणी बोलेल का?

माधवी_क: वेगळा धागा काढा ना, तिथे नक्की बोलू.

दुचाकीवीर: त्याच लिलावात पालिकेची जुनी जीप आहे का? घ्यायची आहे.

टपालपेटी: १५ वर्षं झालेल्या सरकारी आणि पालिकांच्या गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून संपते. ती जीप नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रातच जाणार, रस्त्यावर येणार नाही. रानवाट, लिलावाची सूचना वाचली का? नुसते बाकच आहेत?

रानवाट: हेच लिहायचं राहिलं. बाक, पंखे, लोखंडी कपाटं, ट्यूबच्या पट्ट्या, सगळं एकाच लॉटमध्ये. अनामत दीड लाख. एवढे कुठून आणू?

जडसंग्रह: मग मूळ अडचण ती आहे. मी भांडारात २६ वर्षं काढली. लाकडी सामानाचा लॉट वेगळा करा, असा अर्ज आयुक्तांच्या नावे द्या, प्रत शिक्षण विभागाला. जडसंग्रह नोंदवहीत (टिकाऊ सामानाच्या वहीत) बाकांची नोंद स्वतंत्र असते, त्यामुळे लॉट फोडणं अवघड नाही. तारीख उलटण्याआधी सांगावं लागतं इतकंच. नाहीच ऐकलं तर ज्याची बोली लागेल त्याला गाठा. त्याचा जीव लोखंडात आणि पंख्यांच्या तांब्यात असतो. माल उचलायच्या दिवशी टेम्पो घेऊन फाटकापाशी थांबा, लाकूड तो तिथल्या तिथे विकतो. फक्त पाय तोडायच्या आत पोचा, बीड वेगळं विकायला ते आधी पायच काढतात.

माधवी_क: आणि पावती त्याच्याकडूनच घ्या, नाहीतर उद्या चोरीचा माल म्हणतील.

रानवाट: पाय तोडतात हे माहीतच नव्हतं. अर्ज आज रात्रीच लिहितो, उद्या दहाला खिडकीवर.

जडसंग्रह: साहेबांच्या हातात देऊ नका. आवक-जावकला द्या, प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. क्रमांक मिळाला की इथे लिहा, पुढे कुणाला भेटायचं ते सांगतो.