लिफ्ट सर्व्हिसवाल्यांनी ऑफिसचं काम घरून काम करणाऱ्या असिस्टंटला द्यावं का?

काउंटरवेट:
पुण्यात लिफ्टचं एएमसी (वर्षभराच्या देखभालीचा करार) आणि ऑडिटचं छोटं काम आहे आमचं. दीडशेच्या आसपास लिफ्ट, बहुतेक सोसायट्या, दोन-तीन हॉस्पिटलं. ऑफिस म्हणजे मी, बायको आणि एक गोदरेजचं कपाट. आमचे सीए म्हणाले व्हर्च्युअल असिस्टंट ठेवा, म्हणजे दुसऱ्या गावात स्वतःच्या घरी बसून बिलं, एएमसी रिन्युअलची पत्रं, सरकारी तपासणीच्या तारखा, चलनं, विम्याच्या पॉलिशा हे सगळं सांभाळणारं माणूस, रोज चार तास. माझं मत, ठेवावंच आणि आपल्या लाइनमधले लोक उगाच घाबरतात. मेकॅनिक सर्व्हिस रिपोर्टचा फोटो रात्री ग्रुपवर टाकतो, तो कोणी उघडत नाही, मग जूनमध्ये पिटात, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, पाणी भरलं की सेक्रेटरी विचारतो एप्रिलच्या रिपोर्टात सीपेज लिहिलं होतं का, तेव्हा तो फोटो गुड मॉर्निंगच्या ढिगाखाली कुठेतरी. काम केलेलं असतं हो, कागद नसतो. तुमचं काय मत?

ऑइल_आणि_ग्रीस:
विरोध. कडक विरोध. मी मशीनरूममध्ये आयुष्य काढलंय. पूर्वी जिथे होतो तिथल्या ऑफिसात रिपोर्टचा रकाना रिकामा दिसला की टेबलावरूनच "ओके" टाकायचे, कारण बिल अडकायचं. रोप ओके, गव्हर्नर (लिफ्टचा वेग जास्त झाला की पकडणारा) ओके, सेफ्टी गिअर (लिफ्ट जागेवर जखडणारा) ओके. अरे बाबा रोपच्या तुटलेल्या तारा मोजाव्या लागतात, व्यास व्हर्नियरने बघावा लागतो, शिव्हचा, म्हणजे रोप ज्यावरून फिरतो त्या चाकाचा, खाचा किती खाल्लाय ते हाताला कळतं. ऑफिस खालच्या मजल्यावर होतं तरी हे चालायचं, आता तर ऑफिस दुसऱ्या जिल्ह्यात जाणार.

घरून_नाशिक:
@ऑइल_आणि_ग्रीस दादा, हा दोष टेबलाचा का ओके टाकणाऱ्याचा? मी हेच काम करते, एका लिफ्ट ठेकेदाराचं, घरून. रकाना रिकामा असेल तर मी रिकामाच ठेवते आणि मेकॅनिकला फोन लावते, तो वैतागतो, चालतं. उलट मी तिथे नसते म्हणून मला अंदाजाने काही भरताच येत नाही, जे फोटोत नाही ते माझ्यासाठी झालेलंच नाही. एआरडीची बॅटरी टेस्ट हा रकाना सगळ्यात जास्त रिकामा येतो बरं का. लाइट गेल्यावर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणून दार उघडायचं काम त्या बॅटरीचं, आणि तीच कोणी तपासत नाही.

बाकी माझं काम कंटाळवाणं आहे. 11 तारखेच्या आत जीएसटीआर-1 (विक्रीच्या बिलांचं जीएसटी रिटर्न) साठी बिलं सीएकडे. सोसायटीने टीडीएस कापला तो आयकर खात्याच्या पोर्टलवर आपल्या नावावर दिसतोय का ते बघायचं, ठेकेदार प्रोप्रायटर असेल तर 1 टक्का कापायचा असतो, खजिनदार 2 कापून मोकळे. आणि एएमसीवर 18 टक्के जीएसटी का लावता म्हणून दरवर्षी तोच वाद, तो फोनवर मी घालते, मालक नाही.

बी_विंग_सेक्रेटरी:
आमच्या बाजूने पण ऐका. आम्हाला तुमचे कागद कोण करतं याच्याशी घेणं नाही, लिफ्ट अडकली की फोन कोण उचलतो याच्याशी आहे. आमच्याकडे एक आजी पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये अडकल्या, नंबर लावला, पलीकडून गोड आवाजात "सर तुमची कम्प्लेंट नोंदवलीये". नोंदवून काय करू? शेवटी वॉचमन मशीनरूमच्या चाव्या शोधत फिरला आणि कोणीतरी म्हणालं ब्रेक हाताने सोडू, नशीब मी अडवलं. ट्रेनिंग नसलेल्याने तो ब्रेक सोडायचा नसतो. फोनवरच्या बाईंना आमची बिल्डिंग कुठे आहे ते पण माहीत नव्हतं, मेकॅनिक त्या वेळी कोणत्या साइटवर आहे ते तर लांबच.

टेक_भाऊ:
2 वर्षांत हे सगळं एआय करणार आहे, माणूस पण नको. बॉट लावा, महिन्याला हजार-दोन हजारात काम.

ऑइल_आणि_ग्रीस:
@टेक_भाऊ बॉटला पाठवा पिटात, गमबूट देतो.

बी_विंग_सेक्रेटरी:
😂 पण बिलाची आठवण बॉटने केली तर माझी हरकत नाही, ठेकेदाराला मी सरळ शिव्या तरी देऊ शकत नाही, रोज तोंड बघायचंय.

कायद्याचा_किडा:
एक महत्त्वाचं कोणी बोललं नाही. 1939 चा बॉम्बे लिफ्ट्स अ‍ॅक्ट जाऊन 2017 चा कायदा आला तरी जबाबदारी घरी बसलेल्या असिस्टंटकडे सरकत नाही. लायसन्स, तपासणी, त्रुटींची पूर्तता, सगळीकडे मालक आणि ठेकेदारच धरले जातात. अपघात झाला तर इन्स्पेक्टरला कळवायचं असतं आणि तोपर्यंत लिफ्ट परस्पर चालू करायची नाही. असिस्टंटने सवयीने "कॉल क्लोज्ड" केलं आणि मेकॅनिकने लिफ्ट चालू केली तर? शिवाय रहिवाशांचे मोबाइल नंबर, सीसीटीव्हीचे फोटो, हे सगळं कोणाच्या तरी घरच्या लॅपटॉपवर, जिथे मुलं गेम खेळतात. 2023 चा डेटा संरक्षणाचा कायदा काय फक्त बँकांसाठी नाहीये. आणि डिजिटल सहीचा टोकन (पेन ड्राइव्हसारखा असतो तो) कुरिअरने पाठवणारे महाभाग मी पाहिलेत.

काउंटरवेट:
@कायद्याचा_किडा टोकनचं पटलं, तो माझ्याच कपाटात राहणार, ओटीपी पण माझ्याच मोबाइलवर, असिस्टंट फोन करून मागेल. डेटाचं म्हणाल तर आज ते नंबर सात जणांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आहेत, त्यातले दोघं नोकरी सोडून गेलेत, म्हणजे आत्ता काय तिजोरीत आहेत असं नाही. एका लॅपटॉपवर, एका लॉगिनमध्ये आले तर बरंच की.

@बी_विंग_सेक्रेटरी तुमचा मुद्दा मात्र मी बाजूला टाकणार नाही. ब्रेकडाउनचा नंबर वेगळा, तो मेकॅनिककडेच, तो साइटवर असेल तर माझ्याकडे. पैसे वाचतात म्हणून तोच नंबर असिस्टंटला जोडणारे आहेत, मला ते गुन्ह्यासारखं वाटतं.

ऑइल_आणि_ग्रीस:
बरं, मग रिपोर्ट. मेकॅनिकने साइटवर सही केल्यावर असिस्टंटला त्यात अक्षर बदलता येता कामा नये. फक्त वाचायचं, फाइल करायचं. एवढं असेल तर माझा विरोध निम्मा. पूर्ण नाही, कारण सरकारी तपासणीला इन्स्पेक्टर साहेब आले की ते विचारतात मेकॅनिकला आणि तारीख ठरवलेली असते तिसऱ्यानेच, तेव्हा नेमका मी सुट्टीवर.

घरून_नाशिक:
तारीख ठरवताना मेकॅनिकची सुट्टी बघायची हे मान्य, पण दादा सुट्टी आधी कळवा की, आदल्या रात्री अकराला मेसेज येतो 😅

@काउंटरवेट माणूस शोधताना लिफ्टचं नॉलेज आहे का विचारत बसू नका, कोणाकडे नसतं, शिकता येतं. रिकामा रकाना दिसला तर काय कराल एवढंच विचारा. आणि करारात आधी लिहा, ब्रेकडाउनचा नंबर असिस्टंटकडे वळवणार नाही, मालक कामावर नाही तेव्हा पण नाही, आणि मेकॅनिकने फोन उचलला नाही तर "तात्पुरतं" म्हणून पण नाही. माझ्याकडे दोनदा तसं करायला बघितलं होतं.